ग्यारंटीचं सोवळं

मित्रांनो, माझं जे काही भलंबुरं झालं त्याला कारण हरिबाची सासू. त्या बाईला मी जन्मात पाहिलं नाही. पण तिच्या नावानं एक थट्टा झाली, थट्टेतून पैज लागली, आणि त्या पैजेनं मला पुण्याच्या काचेच्या कपाटातून उचलून विंझरच्या धुळीत आणून टाकलं.

विंझरात मानसिंग आणि हरिबा यांची घरं भिंतीला भिंत लावून होती. मानसिंगकडं दहा उतारूंची एक जुनी मोटार. नसरापूरहून निघायची, विंझरवरून वेल्ह्याला जायची. मुलूख भोर संस्थानचा, रस्ता बैलगाड्यांचा, आणि मोटार अशी की रस्त्यालाच तिचं वाईट वाटावं. विंझरच्या पुढं एक चढण होती, तिला घोडदम म्हणायचे. तिथं आली की मोटार ठसकायची, मागं सरकायची. मग उतारूंनी उतरायचं, धोतरं वर खोचायची आणि धक्का मारायचा. चढणीच्या पायथ्याला हरिबा आपला छकडा लावून, बैलांपुढं पेंढा टाकून, विडी ओढत बसलेला. धक्का मारून दमलेले उतारू तो मोठ्या मायेनं छकड्यात घ्यायचा.

एका संध्याकाळी मानसिंगच्या ओट्यावर चार माणसं शेंगा फोडत बसली होती. हरिबा म्हणाला, "मानसिंगा, तुजी मोटार आन् माजी सासू एकाच साच्यातनं काढल्यात बग. उताराला आपल्या आपन पळत्यात. चढाला चार मानसं लावावी लागत्यात."

सगळे हसले. तिथं मानसिंगही हसला असता तर मी आज काचेच्या कपाटात असतो. पण मानसिंगला थट्टा सोसायची नाही. तो शेंग टाकून उठला.

"दसऱ्यानंतरचा पयला बाजार," तो म्हणाला. "भरल्या मोटारीनं घोडदम चडून दावतो. एकबी उतारू खाली उतरनार न्हाई, कुनी धक्का मारनार न्हाई."

"आन् न्हाई चडली तर?"

"तर तुज्या छकड्याला बैलाच्या जागी म्या. तुला वर बसवून वेल्ह्याच्या बाजारातनं वडीत नेतो."

"मेंगाईच्या देवळापतुर?"

"देवळापतुर."

"आन् चडली," हरिबा म्हणाला, "तर म्या तुज्या मोटारीफुडं तोंडानं पों पों करत पळतो. भोंगा काडून ठेव त्या दिशी."

आतून मानसिंगची आई, ठकुबाई, ओरडली, "आरं, मानसं हायसा का माकडं? दोगांच्याबी मिशा पिकाया लागल्या!"

पण टाळी पडून गेली होती. हरिबानं ती हसत दिली. मानसिंगनं ती शब्द म्हणून दिली. मित्रांनो, सगळी गोम इथंच आहे. एकाच टाळीत दोघांचे दोन अर्थ होते.

आता मी कोण ते सांगतो. मी एक जुना कारबुरेटर आहे. नाव अवघड, काम सोपं. पेट्रोल आणि हवा यांचं लग्न लावायचं आणि वरात इंजिनात धाडायची. पेट्रोल जास्त झालं तर इंजिन गुदमरतं, हवा जास्त झाली तर भुकेनं फटफटतं. मधला तोल मी सांभाळायचा. त्यासाठी मला खाली एक मोठं तोंड आहे, पोटात पेट्रोलची वाटी आहे, आणि पुढच्या अंगाला शेजारी शेजारी दोन बारीक भोकं आहेत, मोहरीएवढी. त्या माझ्या नाकपुड्या. त्या चोंदल्या की माझा सगळा शहाणपणा संपला.

माझा जन्म विलायतेचा. शर्यतीच्या मोटारींचं सामान करणाऱ्या कारखान्यात मला ओतलं, कानशीनं घासलं, फुंकून फुंकून तपासलं. अंग पिवळंधमक. माझ्याबरोबरचे काही थेट शर्यतीला गेले. वाऱ्यासारखे पळाले आणि दोन हंगामांत भंगारातही गेले म्हणे. मला बोटीनं मुंबईला आणलं आणि रेल्वेनं पुण्याला. मी मनात म्हटलं, चला, कुठल्या तरी राजाच्या मोटारीत बसू, शिकारीला जाऊ, कोंबडी खाल्लेल्या साहेबांना घाट चढवू. नशीब पाठीमागून हसत होतं.

पुण्याच्या लष्कर भागात आनंदरावांचं दुकान होतं. शर्यतीच्या आणि घाटाच्या मोटारींचं खास सामान. दुसरं काही ठेवायचे नाहीत. कुणी साधा पाना मागितला तरी "पलीकडच्या दुकानात" म्हणायचे. माणूस नीटनेटका. रोज सकाळी मऊ चामड्यानं मला पुसायचे आणि पुसताना गुणगुणायचे. त्यांचा माझ्यावर जीव होता, हे मी खोटं नाही सांगणार.

पण गिऱ्हाइकांनी त्यांना पोळलं होतं. एका बड्या घरच्या ड्रायव्हरनं महागाचा भाग दगडानं ठोकून बसवला आणि फुटल्यावर "असाच निघाला" म्हणून परत आणला. दुसऱ्या एकानं पेट्रोलऐवजी रॉकेल पाजलं आणि वर यांनाच फसवे म्हणाला. तेव्हापासून आनंदरावांनी एक रीत घातली. माझ्या स्क्रूंच्या डोक्यांतून बारीक तार ओवायची, तिच्या टोकाला शिशाचं बोंड अडकवायचं आणि चिमट्यानं दाबून त्यावर आपला छाप उठवायचा. ते बोंड शाबूत, तोवर ग्यारंटी.

मानसिंग दुकानात आला तो पायातल्या वहाणा हातात घेऊन. घोडदमाची सगळी कथा त्यानं सांगितली. आनंदरावांनी कपाट उघडून मला बाहेर काढलं.

"हा घ्या. एक वर्षाची ग्यारंटी. वर्षात याला काही झालं तर मी दुरुस्त करीन. नाही झाला तर बदलून देईन. मोटारीला बसवा, लागलं तर मोटारीवरून उतरवा, तेवढी मुभा. पण हे शिशाचं बोंड बघा. हे तुटलं की मी तुम्हाला ओळखत नाही."

"तुटंल कसं? म्या हातच लावनार न्हाई."

"सगळे हेच म्हणतात. आत सुई घालायची नाही, तार घालायची नाही. फुंकरसुद्धा मारायची नाही. काय वाटलं तर सरळ माझ्याकडं यायचं."

"शबुद दिला, आनंदराव."

मला हसू आलं. असले शब्द मी त्या काउंटरवर पुष्कळ ऐकले होते. माणसं शब्द देतात आणि दाराबाहेर पडेपर्यंत खिशात पेचकस चाचपतात. पण हा माणूस वेगळा निघाला. घरी आल्यावर त्यानं सगळ्यांना ओट्यावर बसवून सांगितलं, "ह्येला ग्यारंटी हाय. सोवळं समजा. कुनी शिवायचं न्हाई." आणि मोटारीला मला बसवताना स्वतः आंघोळ करून आला.

माझ्यासाठी त्यानं काय दिलं ते विचारू नका. घरातली दुभती म्हैस मात्र मी आल्यापासून कुणाला दिसली नाही. त्याची बायको, चंद्राबाई, मला पाहून एवढंच म्हणाली, "म्हस गेली आन् ह्ये आलं. आता ह्येची धार काडा."

पण मी काय चीज आहे ते तिलाही कळलं. पहिल्याच खेपेला घोडदम आलं. उतारू सवयीनं धोतरं खोचून तयार. मी दोन्ही नाकपुड्यांनी हवा ओढली, पेट्रोलाचा असा बारीक फवारा सोडला की इंजिनानं एकदाच हुंकार दिला आणि मोटार चढत गेली, चढत गेली. वर पोचली तेव्हा एक म्हातारा अजून खोचलेलं धोतर धरून बसला होता. "आरं, धक्का कवा मारायचा?" तो म्हणाला. पायथ्याशी हरिबाची विडी बोटांतच विझली.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. पासलीसारख्या आतल्या गावापासून माणसं चालत यायची, ती वेल्ह्यात मोटारीसाठी थांबायला लागली. भोरच्या कचेरीत काम असलेली माणसं छकडा सोडून आमच्यात बसायला लागली. "ही पितळी चीज बसवल्यापासून मोटारीला पंख फुटल्यात," असं एकमेकांना दाखवायची. मानसिंग लांबूनच बोट करायचा. शिवू द्यायचा नाही. हरिबा गोठ्यामागं उभा राहून पों पों करायचा सराव करतो, अशी बातमी गावात पसरली होती. ती त्यानंच पसरवली होती, अशी मला शंका आहे.

मग खंडेनवमी आली.

तुम्हाला ठाऊक आहे, त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा असते. विळा, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं घासूनपुसून पाटावर मांडतात. मानसिंगच्या मनात आलं, या वर्षी घरात खरं हत्यार एकच आहे. त्यानं मला अलगद मोटारीवरून उतरवलं, पाटावर मधोमध ठेवलं आणि तो झेंडूची फुलं आणायला रानात गेला. चंद्राबाई ओढ्यावर धुणं घेऊन गेलेली.

घरात राहिली ठकुबाई. हात कामाचे, डोळे अधू, आणि मन देवाकडं लागलेलं. तिनं मला हातात घेतलं. इंजिनाच्या तेलानं मी काळवंडलो होतो. "पितळंचा द्येव असा काळा बसल व्हय?" म्हणत तिनं चिंच आणि राख घेतली, आणि मला असं घासलं की मी विलायतेतही तसा चमकलो नव्हतो. घासता घासता तिच्या बोटाला ते शिशाचं बोंड लागलं. उजळ पितळेवर एक काळा ठिपका. घासून जाईना. पूजेच्या जागेवर काळं राहू नये, असं तिच्या मनात आलं असणार. तिनं पाटावरचा विळा उचलला, तार कापली आणि बोंड उकिरड्यावर टाकून दिलं.

मी आत ओरडत होतो, पण पितळेला आवाज कुठला?

मग तिनं मेण पातळ केलं, त्यात तेल आणि शेंदूर कालवला, जसा गावच्या वेशीवरच्या देवाला लावतात तसा. माझ्या अंगावर बोटानं लेप दिला. आणि पुढच्या अंगाची दोन भोकं दिसली तेव्हा तिचा चेहरा फुलला. "डोळं हायती की माज्या द्येवाला," ती म्हणाली, आणि दोन्ही भोकांत शेंदूर दाबून भरला. काळजीनं भरला. अंगठ्यानं गुळगुळीत केला. मग माझ्यापुढं डोकं टेकून म्हणाली, "माज्या लेकाचं हसं करू नको बाबा."

मित्रांनो, मला आजवर कुणी इतक्या प्रेमानं मारलेलं नाही.

मानसिंग आला तेव्हा मी शेंदरानं लाल, वर झेंडूची माळ. त्यानं नमस्कार केला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तसंच मला मोटारीवर चढवलं. देवाच्या अंगावरचा शेंदूर कोण खरवडतं? त्या लेपाखाली बोंड आहे की नाही, हे बघायचं त्याच्या मनातही आलं नाही.

मोटार सुरू झाली आणि मागून काळा धूर निघाला. मी गुदमरत होतो. पेट्रोल येत होतं, हवा येत नव्हती. विंझर ओलांडायच्या आतच मोटार तीनदा बंद पडली. घोडदमावर तर ती उभीच राहिली, आणि उतारूंनी जुन्या सवयीनं धोतरं खोचली.

दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर त्यानं एक तार घेऊन, शिव्या देत, चिलीम ओढायच्या वेळात मला मोकळं केलं असतं. मानसिंगला ते काम येत होतं. जुन्या कारबुरेटरचं नाक त्यानं शंभरदा साफ केलं होतं. पण मला ग्यारंटी होती, आणि त्यानं शब्द दिला होता. त्यानं मला फडक्यात गुंडाळलं आणि दुसऱ्याच्या मोटारीनं पुणं गाठलं.

आनंदरावांनी फडकं सोडलं. आधी सुकलेला झेंडू पडला. मग मी.

"हे काय आहे?"

"खंडेनवमीला पुजला हुता."

"पुजला?" त्यांनी बोटानं शेंदूर बाजूला केला आणि स्क्रूंपाशी थांबले. तार अर्धी लोंबत होती. मला वाटतं, त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. "सील कुठं आहे, मानसिंगराव?"

मानसिंग वाकून बघायला लागला. त्याचा चेहरा मी जवळून पाहिला. त्याला खरंच काही कळत नव्हतं.

"हितंच असंल की."

"नाही. आणि ही तार तुटलेली नाही, कापलेली आहे. तुम्ही हा उघडलात."

"न्हाई."

"बरं, तुम्ही नसेल. घरात कुणी?"

"आमच्यात कुनी शिवत न्हाई त्येला."

"हे बघा," आनंदराव खुर्ची ओढून बसले. "भांडण नको. 'चुकलो, आमच्याकडून उघडला गेला,' एवढं म्हणा. ग्यारंटी संपली, पण मी आत्ता, तुमच्यासमोर, खोलून बघतो. शेंदूरबिंदूर गेला असेल आत."

मित्रांनो, दोरी हातात आली होती! नुसती ओढायची होती. मी असतो तर म्हटलं असतं, "व्हय शेठ, चुकलो, गाढव हाय म्या." वर दोन अश्रू काढले असते, मोटार घाट चढली असती आणि हरिबाला अख्ख्या बाजारातून पों पों करत पळवलं असतं. पण मी पितळेचा आणि तो मानसिंग.

"जे केलं न्हाई ते केलं म्हनू?"

"मग सील काय उडून गेलं?"

"ते तुमाला ठावं. दाबायला तुमीच हुता."

आनंदराव उभे राहिले. "म्हणजे मी खोटं सील लावून माल विकतो?"

"म्या तसं म्हनलो न्हाई. पर माज्या घरात ह्येला कुनी हात लावला न्हाई. आईची शपथ."

"म्हाताऱ्या माणसाला कशाला मधे आणता?" आनंदराव हळूच म्हणाले.

"आईची शपथ," मानसिंग पुन्हा म्हणाला. या वेळी दुकानाबाहेरच्या लोकांनीही ऐकलं.

मग आनंदरावांनी मला परत फडक्यात ठेवलं आणि फडक्याचं टोक नीट दुमडलं. "घेऊन जा. खोटं बोलणाऱ्या माणसाच्या मालाला मी हात लावत नाही. उद्या म्हणाल, मीच बिघडवला."

दोघंही खरं बोलत होते. दोघंही समोरच्याला लबाड समजत होते. आणि एक फुंकर मारली असती तर भागलं असतं असा मी त्यांच्या मधे पडलो होतो.

घरी आल्यावर ओट्यावर लोक जमले. "काय म्हनला दुकानदार?" हरिबानं विचारलं.

"चोर हाय. म्हनतो बोंड तुमी कापलं. म्या सरळ आईची शपथ घेतली." मानसिंगनं मला फडक्यासकट ओट्यावर ठेवलं. "ज्यानं कुनी कापलं आसंल त्येचं कदी भलं हुयाचं न्हाई."

ठकुबाई दारात सुपात तांदूळ निवडत होती.

"कसलं बोंड रं, मानसिंगा?" तिनं विचारलं.

"काळं आसतंय शिशाचं, आये. तारंत ववल्यालं. ग्यारंटीचं."

सुपातला तिचा हात थांबला. मी फडक्यातून बघत होतो. मला वाटलं, आता बोलेल. ती उठली, तांदूळ न निवडताच चुलीकडं घेऊन गेली. त्या दिवशी भातात खडे लागले.

"आता ग्यारंटी मोडलीच म्हंत्यात तर उगडा की तुमीच," चंद्राबाई म्हणाली.

"आता उगडला तर त्येचं खरं आन् माजं खोटं. कुनी शिवायचं न्हाई."

असा मी शेंदूर भरल्या नाकानं परत मोटारीवर चढलो.

बाजाराच्या दिवशी मोटार नसरापूरहूनच गच्च भरली होती. पैज सगळ्या मुलखाला ठाऊक झाली होती. विंझरपर्यंत आम्ही खोकत आलो. घोडदमाच्या पायथ्याशी मानसिंगनं गियर टाकला, ओठ दाताखाली धरले. मी जेवढी हवा मिळाली तेवढी ओढली. चढणीच्या निम्म्यावर मोटार थांबली, थरथरली आणि मागं सरकायला लागली. उतारूंनी उड्या टाकून चाकाखाली दगड लावले.

"आरं, उगड की ते! फुंक मार!" लोक ओरडत होते.

हरिबा पायथ्यावरून धावत आला. जिंकलेला माणूस असा धावत येत नाही. त्याच्या हातात बाभळीचा लांब काटा होता.

"घे, मानसिंगा. ह्येनं कोर. मोटार चडव. म्या काय बगितलं न्हाई आन् कुनी काय इचारनार न्हाई."

मानसिंगनं काट्याकडं पाहिलं. "शबुद दिलाय म्या," तो म्हणाला.

"कुनाला? त्या दुकानदाराला? त्यो तुला चोर म्हनला!"

"म्हनूनच."

हरिबानं काटा फेकून दिला. मानसिंगनं मला मोटारीवरून सोडवलं आणि हरिबाच्या हातात ठेवलं. "हितं ऱ्हायला तर कुनीबी उगडंल ह्येला. तुज्या छकड्यात घे. चल वेल्ह्याला."

बाजारात पैज कशी फिटली ते सांगायला माझी जीभ अडखळते, म्हणून आधी पुढचं सांगून घेतो. मानसिंगनं मला पुन्हा मोटारीला लावलं नाही. जुना ठसकणारा कारबुरेटर परत चढला. मग मोठं युद्ध सुरू झालं, पेट्रोल मिळेनासं झालं. त्याच्या मोटारीच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसली आणि मोटार धुरावर चालायला लागली. तिला कुठल्याच कारबुरेटरची गरज उरली नाही. मी घरात कोनाड्यात. धड देव नाही, धड यंत्र नाही. ठकुबाई होती तोवर दुपारी घरात कुणी नसताना मला मांडीवर घ्यायची आणि काट्यानं माझी भोकं कोरत बसायची. दिसायचं नाही, बोटं कापायची. एक नाकपुडी मोकळी झाली. दुसरी तशीच राहिली आणि म्हातारी गेली. आता तिच्यात गांधीलमाशीनं मातीचं घर केलंय.

मित्रांनो, मला फार शिकवता येत नाही, मी स्वतःच टवाळ आहे. एवढंच ऐका. यंत्राला नमस्कार जरूर करा, पण त्याचं नाक मोकळं ठेवा. ग्यारंटी देणारानं बोंड बघण्याआधी यंत्र बघावं. आणि ग्यारंटी घेणारानं शपथ खाण्याआधी घरात विचारावं, रागावून नाही, जवळ बसून.

आता तो बाजार.

वेल्ह्याच्या वेशीशी हरिबानं बैल सोडले. त्याचा एकाएकी सगळा रंग उतरला होता. "जाऊ दे रं. चेष्टा हुती," तो म्हणाला. "सासूचं नाव काडलं ते चुकलं माजं."

"वर बस," मानसिंग म्हणाला.

हरिबा छकड्यात बसला. मी त्याच्या मांडीवर. मानसिंगनं पागोटं काढून ठेवलं आणि जुवाच्या एका अंगाला मान घातली. बाजार दोन्ही बाजूंनी दाटला. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी "हुर्र, हुर्र" म्हणून बैलासारखं हाकललं. त्यानं जोर लावला. जू दोघांचं. एकानंच एका अंगानं ओढलं की गाडी सरळ जात नाही, गोल फिरते. छकडा वळून कासाराच्या बांगड्यांकडं गेला. मानसिंगनं मागं रेटून पुन्हा ओढला, तो पुन्हा वळला. लोक पोट धरून हसायला लागले. मानसिंगच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या आणि गाडी जागच्या जागी घिरट्या घेत होती.

गर्दीतून ठकुबाई आली. विंझरच्या बायांबरोबर चालत आली होती. डोक्यावरची पाटी तिनं खाली ठेवली आणि जुवाच्या रिकाम्या अंगाशी उभी राहिली.

"आये, तू कशाला? हो बाजूला. लोक बगत्यात."

"बगू दे." तिनं जू दोन्ही हातांनी धरलं. "ते काळं बोंड म्या कापलं, मानसिंगा. इळ्यानं. पूजंला काळं नको म्हनून. डोळंबी म्याच भरलं."

शिट्ट्या थांबल्या. मानसिंगनं मान वळवून हरिबाच्या मांडीवर माझ्याकडं पाहिलं. माझ्या दोन भोकांत शेंदूर कसा गच्च बसलाय ते त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर लष्करातलं ते दुकान आलं असणार, आणि तो दुमडलेलं फडकं पुढं करणारा माणूस. पुढं मला मोटारीला लावायला त्याचा हात धजला नाही, तो म्हणूनच.

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

"तू माजी शपथ घिऊन आला हुतास," ठकुबाई म्हणाली. "तुला खोटा कशी पाडू?"

हरिबा उठला. "काकी, म्या उतरतो. फिटली पैज."

"खाली बस. शबुद दिलाय त्यानं."

तिनं जुवाखाली मान घालायला वाकावं, तेवढ्यात मानसिंग सरकला. सरकत सरकत जुवाच्या मधे, दांडीपाशी आला आणि सगळा भार आपल्या मानेवर घेतला. गाडी सरळ झाली. ठकुबाईच्या अंगाला काहीच ओझं उरलं नव्हतं, तरी ती जुवाचं टोक धरून त्याच्या बरोबरीनं चालत राहिली. कुणी हसलं नाही. वर हरिबानं पटक्याचं टोक तोंडावर ओढून घेतलं होतं.

मेंगाईच्या देवळाच्या पायरीशी मानसिंग थांबला, जुवाखालून मान काढली आणि सगळ्या बाजारादेखत म्हणाला, "फिटली."

ठकुबाईनं जू अजून सोडलं नव्हतं.